सपाट जाळीला उंची देणारे शेडर

संगणकीय खेळातला कोणताही त्रिमितीय आकार त्रिकोणांच्या जाळीने बनलेला असतो. जाळीच्या प्रत्येक गाठीला शिरोबिंदू किंवा व्हर्टेक्स म्हणतात. चित्र काढले जात असताना ग्राफिक्स कार्डावर या शिरोबिंदूंना त्यांच्या मूळ जागेवरून हलवणे म्हणजे व्हर्टेक्स डिस्प्लेसमेंट. हलवायला पुरेसे शिरोबिंदूच नसतील, तर मोठ्या त्रिकोणांचे आयत्या वेळी लहान त्रिकोण करणे म्हणजे टेसलेशन. गेममध्ये दिसणारी तलावावरची लाट, वाऱ्याने डोलणारे गवत, चिखलात उमटणारी चाकोरी किंवा दगडी फरसबंदीचा खडबडीतपणा बऱ्याचदा या दोन तंत्रांतून येतो. ही कामे शेडर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. तो ग्राफिक्स कार्डातल्या जीपीयूवर चालतो आणि एकाच वेळी हजारो बिंदूंना तेच गणित लावतो.

हे तंत्र समजून घ्यायला नागपूरच्या उत्तरेचे, कामठी तालुक्यातले कोराडी सोयीचे आहे. औष्णिक वीज केंद्राचे कूलिंग टॉवर, तलावाचे पाणी आणि भोवतालचे काळ्या मातीचे शिवार असे तीन वेगळ्या जातींचे आकार तिथे जवळजवळ आहेत. टॉवरचा आकार एका सूत्रात बसतो, पाण्याचा आकार दर क्षणाला बदलतो आणि जमिनीचा आकार कोणत्याच सूत्रात बसत नाही, तो मोजूनच घ्यावा लागतो. हा परिसर गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभा करायचा झाला, तर शेडरला तिन्ही ठिकाणी निराळ्या रीतीने काम करावे लागते.

सूत्रातून आकार : कूलिंग टॉवर

वीज केंद्रातले पाणी थंड करणारा उंच टॉवर तळाशी रुंद, कमरेत निमुळता आणि वर पुन्हा किंचित पसरलेला असतो. गणितात या आकाराला हायपरबोलॉइड म्हणतात. गेमसाठी तो तयार करताना सुरुवात साध्या, सरळ नळकांड्यापासून करता येते. कमरेपासून एखादा बिंदू किती वर किंवा खाली आहे ते शेडर मोजतो, त्या अंतराला एका ठरावीक लांबीने भागून वर्ग करतो, त्यात १ मिळवतो, बेरजेचे वर्गमूळ काढतो आणि त्याने कमरेची त्रिज्या गुणतो. येणारे उत्तर ही त्या उंचीवरची त्रिज्या. प्रत्येक शिरोबिंदू अक्षापासून तेवढ्या अंतरावर सरकवला की नळकांड्याचा टॉवर होतो. आकडे बदलले की त्याच नळकांड्यातून वेगळ्या घाटाचा टॉवर निघतो, मूळ जाळीला हात लावावा लागत नाही.

डिस्प्लेसमेंटची पहिली मर्यादा इथेच कळते. नळकांड्याला फक्त वरचे आणि खालचे अशी दोनच वर्तुळे असतील, तर सूत्र कितीही अचूक असले तरी कंबर दिसणार नाही. कमरेच्या उंचीवर शिरोबिंदूच नाहीत, मग सरकवणार काय? वर आणि खाली दोन वर्तुळे पसरतील आणि त्यांच्यामध्ये सरळ भिंत राहील. मध्ये तीन-चार वर्तुळे घातली की कोनेदार कंबर येते आणि पंधरा-सोळा घातली की डोळ्याला वक्र रेषा दिसते. शेडर आकार सांगतो, पण तो उमटायला शिरोबिंदू लागतात. टेसलेशनची गरज या एका गोष्टीतून निर्माण झाली.

दुसरी मर्यादा प्रकाशाची. पृष्ठभागावर ऊन किती पडेल हे जीपीयू नॉर्मलवरून ठरवतो. नॉर्मल म्हणजे त्या ठिकाणी पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा. सरळ नळकांड्याचे सगळे नॉर्मल आडवे, जमिनीला समांतर असतात. शिरोबिंदू सरकवले तरी नॉर्मल आपोआप बदलत नाहीत. ते तसेच राहिले, तर टॉवरची कडा वक्र दिसते आणि त्यावरचे ऊन मात्र सरळ नळकांड्यावर पडल्यासारखे वाटते. म्हणून आकार हलवणाऱ्या शेडरला नवे नॉर्मलही काढावे लागतात. सूत्र हाती असेल तर त्याच्या विकलनातून ते थेट मिळतात. सूत्र नसेल तर शेजारच्या दोन बिंदूंची नवी जागा काढून, त्यांच्यातल्या उतारावरून दिशा ठरवतात.

काळाबरोबर बदलणारा आकार : तलाव

पाण्यासाठी एक सपाट, आडवी जाळी पुरते. शेडरला प्रत्येक शिरोबिंदूची जागा आणि चालू क्षण या दोन गोष्टी मिळतात. त्यांवरून तो साइन फलनाने बिंदू वर-खाली करतो. लाटेची लांबी, उंची आणि वेग हे तीन आकडे ठरवले की पाणी हलू लागते. वेग मात्र मनाने ठेवता येत नाही. खोल पाण्यात लाट जितकी लांब तितकी ती वेगाने धावते. दोन मीटर लांबीची लाट सेकंदाला साधारण पावणेदोन मीटर जाते. हे नाते मोडले, तर चूक नेमकी कुठे आहे हे सांगता आले नाही तरी पाणी खोटे वाटते.

नुसती साइन लाट फार गुळगुळीत असते, तिचा माथा आणि तिची दरी सारख्याच गोल. खऱ्या लाटेचा माथा टोकदार आणि दरी पसरट असते. प्राग इथले गणितज्ञ फ्रान्झ योझेफ गेर्स्टनर यांनी १८०२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात पाण्याचा प्रत्येक कण वर-खाली होताना पुढे-मागेही सरकतो आणि वर्तुळ काढतो. शेडरमध्ये हेच केले की शिरोबिंदू माथ्याजवळ दाटतात, दरीत विरळ होतात आणि लाटेला धार येते. वेगवेगळ्या लांबीच्या आणि दिशांच्या चार-सहा गेर्स्टनर लाटा एकमेकींवर चढवल्या की तलावासारखे पाणी मिळते. धार किती द्यायची याला मात्र हद्द आहे. ती ओलांडली की शिरोबिंदू एकमेकांना ओलांडून जातात आणि माथ्यावर जाळीचा पीळ पडतो.

लाटेच्या लांबीचा आणि जाळीच्या दाटपणाचाही संबंध आहे. दोन मीटरच्या लाटेसाठी शिरोबिंदू एक मीटरहून दूर असतील, तर लाट धड उमटतच नाही, भलताच आकार दिसतो. गोलाई नीट यायला एका लाटेत निदान सात-आठ बिंदू लागतात. म्हणून जाणते कारागीर मोठ्या लाटा डिस्प्लेसमेंटने करतात. पाण्यावरची बारीक थरथर ते नॉर्मल मॅपवर सोपवतात. नॉर्मल मॅप हे असे चित्र असते की ज्यात रंगांच्या रूपाने दिशा साठवलेल्या असतात. तो पृष्ठभाग हलवत नाही, प्रकाशाच्या गणितात धरलेली नॉर्मलची दिशा फक्त बदलतो. या युक्तीचे मूळ जेम्स ब्लिन यांच्या १९७८ मधल्या बंप मॅपिंगमध्ये आहे. तिच्यातली लबाडी कडेला उघडी पडते. समोरून खडबडीत दिसणाऱ्या वस्तूची आकाशासमोरची बाह्यरेषा अगदी सरळ राहते. बाह्यरेषेसह आकार बदलायचा असेल, तर शिरोबिंदूच हलवावे लागतात. डिस्प्लेसमेंट मॅपिंगचा हा विचार रॉबर्ट कुक यांनी १९८४ मध्ये मांडला. पुढे १९८७ मध्ये कुक, लॉरेन कार्पेंटर आणि एडविन कॅटमल यांनी वर्णन केलेल्या रेयेस पद्धतीत प्रत्येक पृष्ठभागाचे पिक्सेलहून लहान तुकडे करून ते हलवले जात. तेव्हा हे चित्रपटांसाठीच शक्य होते, कारण एकेका फ्रेमला हवा तेवढा वेळ देता येत असे. गेमला सेकंदाला ६० फ्रेम लागतात, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद.

मोजलेला आकार : जमीन

शिवाराची उंची सूत्राने सांगता येत नाही. त्यासाठी हाइट मॅप वापरतात. हे एक करड्या छटांचे चित्र असते. काळा म्हणजे सखल, पांढरा म्हणजे उंच. सपाट जाळीचा प्रत्येक शिरोबिंदू या चित्रातला आपल्या जागेचा आकडा वाचतो आणि तेवढा वर उचलला जातो. शिरोबिंदूंच्या टप्प्यावर चित्र वाचण्याची सोय ग्राफिक्स कार्डांत २००४ च्या सुमारास आली. त्यात एक तांत्रिक मेख आहे. चित्राच्या लहान-मोठ्या आवृत्त्या आधीच साठवलेल्या असतात, आणि पिक्सेल रंगवताना त्यांतली कोणती वाचायची हे जीपीयू शेजारच्या पिक्सेलवरून स्वतः ठरवतो. शिरोबिंदूच्या टप्प्यावर असे शेजारी नसतात, म्हणून कोणती आवृत्ती वाचायची हे शेडरने स्वतः सांगावे लागते. नवशिक्याचा पहिला शेडर इथेच अडतो.

हाइट मॅपमध्ये आकडे किती बारकाईने साठवले आहेत यालाही महत्त्व आहे. समजा परिसरातला सखल आणि उंच भाग यांच्यातला फरक ६४ मीटर धरला. आठ बिटांच्या चित्रात २५६ पायऱ्या असतात, म्हणजे प्रत्येक पायरी २५ सेंटिमीटरची होते आणि मंद उताराच्या शेतातही जिना दिसू लागतो. सोळा बिटांच्या चित्रात ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि पायरी सुमारे एक मिलिमीटरवर येते. विदर्भासारख्या सपाट मुलखात हा फरक डोंगराळ भागापेक्षा अधिक खुपतो, कारण लांबच लांब मंद उतारावर लहान पायरीही नजरेत भरते.

उंचीचे आकडे अंतराळातून केलेल्या मोजणीतून मिळू शकतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. इस्रोच्या २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने दोन कॅमेऱ्यांच्या जोडीने भारतातल्या जमिनीची उंची टिपली. दोन्हींची सुमारे ३० मीटर अंतराची आकडेवारी उपलब्ध आहे. ती जशीच्या तशी गेममध्ये टाकता येत नाही. रडारला पुष्कळदा जमिनीऐवजी झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरे दिसतात, त्यामुळे वीज केंद्राच्या जागी टेकाड उमटू शकते. पाण्याचे पृष्ठभाग या आकडेवारीत सपाट केलेले असतात, तलावाचा तळ त्यात नसतो. शिवाय ही नोंद तेव्हाची. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच त्यानंतर दीड दशकाने सुरू झाले, ते २००० च्या मोजणीत असणारच नाहीत. म्हणून इमारती आकडेवारीतून खोडून जमीन सलग करतात आणि टॉवर, चिमण्या, मंदिर, घरे वेगळ्या आकृत्या म्हणून वर ठेवतात.

त्रिकोणांचा हिशेब

आता आकडेमोड करून पाहता येते. चार किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद परिसराची जाळी दर ३० मीटरला एक शिरोबिंदू धरून केली, तर सुमारे १८ हजार शिरोबिंदू आणि ३५ हजार त्रिकोण होतात. आजच्या ग्राफिक्स कार्डाला हे किरकोळ आहे. पण शेतात उभ्या असलेल्या पात्राच्या पायाखालची जमीन ३० मीटरच्या फरशीसारखी सपाट दिसते. दर मीटरला शिरोबिंदू घ्यायचे ठरवले, तर १ कोटी ६० लाख शिरोबिंदू आणि ३ कोटी २० लाख त्रिकोण लागतात. फुल एचडी पडद्यावर एकूण पिक्सेल आहेत २० लाख ७३ हजार ६००. एका पिक्सेलमागे पंधरा त्रिकोण येतील आणि त्यांतले बहुतेक इतक्या लांबचे असतील की ते दिसणारही नाहीत.

टेसलेशन हा हिशेब जुळवते. पात्राभोवती शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळातली जमीन तेवढी मीटरभर अंतरावर बारीक केली, तर सुमारे ६३ हजार त्रिकोण वाढतात. दूरची जमीन ३० मीटरचीच राहते. एकूण संख्या लाखाच्या आसपास येते आणि पडद्यावरचे चित्र जवळपास तेच दिसते. पात्र चालू लागले की बारीक जाळीचे वर्तुळही त्याच्यासोबत सरकते.

ग्राफिक्स कार्डांत ही सोय टप्प्याटप्प्याने आली. एटीआय कंपनीने २००१ मध्ये ट्रुफॉर्म नावाने तिचा एक प्रकार आणला, २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्येही टेसलेशनचा भाग होता. सर्वांसाठी एकच पद्धत २००९ च्या डायरेक्टएक्स ११ आणि २०१० च्या ओपनजीएल ४.० या, गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या प्रणालींनी रूढ केली. तिच्यात शिरोबिंदूंच्या शेडरनंतर तीन टप्पे येतात. पहिला हल शेडर. प्रत्येक तुकड्याचे किती भाग करायचे हे तो ठरवतो. दुसरा टेसलेटर. तो कार्डातला ठरीव यंत्रभाग आहे, सांगितल्याप्रमाणे तुकडे पाडणे एवढेच त्याचे काम. तिसरा डोमेन शेडर. नव्याने जन्मलेला प्रत्येक शिरोबिंदू कुठे ठेवायचा हे तो ठरवतो, आणि डिस्प्लेसमेंट प्रत्यक्षात इथेच होते. ओपनजीएलमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यांची नावे निराळी आहेत, कामे तीच. एका कडेचे जास्तीत जास्त ६४ भाग करता येतात. चौकोनी तुकड्याच्या सगळ्या बाजूंना ६४ भाग दिले तर त्यातून ८,१९२ त्रिकोण निघतात. आपल्या उदाहरणातली ३० मीटरची एक चौकट त्याने जवळजवळ ४७ सेंटिमीटरपर्यंत बारीक होते.

जाळी बारीक झाली म्हणून माहिती वाढत नाही. ३० मीटरच्या दोन मोजमापांमध्ये काय आहे हे उपग्रहाने सांगितलेले नाही, तिथे नुसते बिंदू वाढवले तर गुळगुळीत उतार मिळेल, शेत मिळणार नाही. म्हणून उंचीच्या मोठ्या नकाशावर दुसरा, लहान आणि पुन्हापुन्हा वापरता येणारा नकाशा चढवतात. त्यात सरी-वरंबे, नांगरटीची ढेकळे, बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात. धुऱ्याच्या एका बाजूला पऱ्हाटी आणि दुसऱ्या बाजूला नांगरलेले रान असेल, तर कुठे कोणता नकाशा लावायचा हे सांगणारे आणखी एक चित्र लागते. ठरीव नकाशाऐवजी गणिती नॉइज, म्हणजे सूत्राने काढलेला अनियमित चढ-उतारही वापरतात. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्लिन नॉइज ही त्यातली सर्वांत गाजलेली पद्धत. तिच्यासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक सन्मान मिळाला.

भेगा, सावल्या आणि अदृश्य जमीन

टेसलेशनमधला नेहमीचा दोष म्हणजे भेगा. शेजारच्या दोन तुकड्यांपैकी एकाच्या सामाईक कडेचे आठ भाग केले आणि दुसऱ्याने तिचेच चार केले, तर जादा बिंदू उंचीनुसार वर-खाली होतात आणि जमिनीत फट पडते. फटीतून आभाळ दिसते. उपाय सोपा, पण शिस्तीचा आहे. कडेचे भाग त्या कडेच्याच लांबीवरून आणि कॅमेऱ्यापासूनच्या तिच्या मध्यबिंदूच्या अंतरावरून काढायचे, म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांचे उत्तर एकच येते. घनासारख्या धारदार कडांच्या वस्तूंत भेगांचे कारण वेगळे असते. एकाच कोपऱ्यावर तीन दिशांचे तीन नॉर्मल असतात आणि प्रत्येक बाजू आपल्या दिशेने सरकली की कोपरा उघडतो. तिथे सरकवण्यासाठी सरासरी काढलेली एकच दिशा वेगळी साठवावी लागते.

कॅमेरा पुढे सरकताना भागांची संख्या चारवरून एकदम पाचवर गेली तर जमीन टचकन उसळते. त्यासाठी भाग अपूर्णांकात घेण्याची सोय आहे. नवे बिंदू जुन्या बिंदूंना चिकटून जन्मतात आणि हळूहळू दूर जातात, त्यामुळे बदल नजरेत येत नाही.

काही अडचणी जीपीयूच्या बाहेरच्या आहेत. वस्तू पडद्यावर येते की नाही हे इंजिन तिच्याभोवतीच्या अदृश्य पेटीवरून ठरवते, आणि ही पेटी मूळ सपाट जाळीची असते. शेडरने जमीन वीस मीटर उचलली आणि पेटी तशीच राहिली, तर कॅमेरा वळताच समोर दिसणारे टेकाड गायब होते. म्हणून पेटी डिस्प्लेसमेंटच्या जास्तीत जास्त उंचीएवढी आधीच वाढवून ठेवतात. सावल्या वेगळ्या फेरीत काढल्या जातात. त्या फेरीतही तोच शेडर लावला नाही, तर लाटा हलतात आणि सावली सपाट पडते. पात्राची टक्कर आणि चालणे यांचे गणित साधारणपणे मुख्य प्रोसेसर करतो, त्याला शेडरने केलेले बदल ठाऊक नसतात. त्यामुळे पाय ढेकळांत रुततात, होडी लाटेच्या पोटातून जाते. जमिनीसाठी प्रोसेसरलाही तोच हाइट मॅप देतात. तलावातल्या होडीसाठी तेच लाटांचे सूत्र प्रोसेसरवर पुन्हा चालवतात.

अतिरेकाचीही किंमत असते. जीपीयू पिक्सेल एकेकटे रंगवत नाही, दोन-दोनच्या चौकटीत चार एकदम रंगवतो. त्रिकोण पिक्सेलएवढा लहान झाला की चारांपैकी तिघांचे काम वाया जाते. २०११ मध्ये क्रायसिस २ या गेमला डायरेक्टएक्स ११ ची सुधारणा मिळाली, तेव्हा सपाट काँक्रीटच्या अडथळ्यांवरही दाट त्रिकोण पसरलेले आढळले आणि त्यावर बरीच टीका झाली. म्हणून त्रिकोणाची पडद्यावरची लांबी ठरावीक पिक्सेलांखाली जाऊ न देणे बरे.

इंजिनांची आजची स्थिती

व्हर्टेक्स डिस्प्लेसमेंट सगळ्या मोठ्या इंजिनांत आहे आणि मोबाइल फोनवरही परवडते. टेसलेशनचे तसे नाही. युनिटी इंजिनाच्या उच्च दर्जाच्या एचडीआरपी पद्धतीत त्यासाठी तयार शेडर मिळतात. गोडो या मुक्त इंजिनात टेसलेशनचा टप्पाच नाही, तिथे आधीच दाट केलेली जाळी वापरून शिरोबिंदू हलवतात. अनरियल इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत ते होते. २०२२ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीतून ते काढले, कारण तिथे नॅनाइट ही नवी पद्धत आली. ती अतिदाट आकृतीचे आधीच गट पाडून ठेवते आणि अंतरानुसार हवा तेवढाच तपशील पडद्यावर पाठवते. पण प्रत्येक ढेकूळ आधीच जाळीत साठवायचे तर साठवण वाढते, आणि चाकोरीसारखे खेळताना घडणारे बदल करता येत नाहीत. त्यामुळे २०२४ च्या ५.४ आवृत्तीत नॅनाइटमध्येच टेसलेशन प्रायोगिक रूपात परत आले. दुसरीकडे २०१८ पासून काही ग्राफिक्स कार्डांत मेश शेडर मिळू लागले. त्यांत जुने ठरीव टप्पे बाजूला ठेवून त्रिकोण कसे पाडायचे हे प्रोग्रॅमरच ठरवतो.

निवड करताना तीन प्रश्न पुरतात. बाह्यरेषा बदलायची आहे का? नसेल तर नॉर्मल मॅप पुरतो. आकार काळाबरोबर किंवा खेळाडूच्या कृतीने बदलतो का? बदलत असेल तर शिरोबिंदू शेडरमध्येच हलवावेत. वस्तू कधी अगदी जवळून, कधी फार लांबून दिसते का? तसे असेल तर टेसलेशन किंवा त्याची जागा घेणारी नवी पद्धत उपयोगी पडते. या कसोटीने कोराडीचा टॉवर पुरेशा वर्तुळांच्या जाळीत एकदाच पक्का करून ठेवता येतो, कारण तो बदलत नाही. तलावाला लाटांचा शेडर लागतो. टेसलेशनचा खरा खर्च शिवाराच्या जमिनीवर करावा लागतो, कारण ती पायाखालीही असते आणि क्षितिजापर्यंतही.